गाण्याआधीचं टक्

इमारतीची लिफ्ट त्या दिवशी बंद होती. ती चालू असती तर पुढचं काहीच घडलं नसतं, तेव्हा ती दुरुस्त करायला येतो म्हणून सांगून जो माणूस आलाच नाही, त्याचे आधी आभार मानू.

ठिणगी जिना चढत होती. हातात आईच्या जुन्या शालीत गुंडाळलेली पेटी, खांद्याला पिशवी, आणि चेहरा परीक्षेला निघाल्यासारखा. ठिणगी हे काही तिचं खरं नाव नव्हे. लहानपणी घरातला फ्यूज उडाला की आई आधी लेकीला हाक मारायची आणि मग इलेक्ट्रिशियनला. त्यातून हे नाव पडलं आणि चिकटलं. पहिल्या मजल्याच्या वळणावर वरून एक तरुण उतरत होता. त्याने भिंतीला पाठ लावून तिला वाट दिली. ती पुढे गेली, तेवढ्यात मागून तो म्हणाला, “तुमचं काहीतरी सुटलंय.”

ठिणगीने पिशवीची चेन पाहिली, मग बुटाची लेस पाहिली. दोन्ही जागच्या जागी होती.

“पेटीत,” तो म्हणाला. “वॉशर असावा. लहानसा. डाव्या बाजूला… मागे.”

वर्षभर खपून जिने ती पेटी केली होती, तिला जिन्यात भेटलेल्या परक्या माणसाने असं सांगावं म्हणजे कमाल झाली. यातला एक-एक स्क्रू मी स्वतः पिळलाय, असं ठिणगीने ठणकावून सांगितलं. सुटं काही असलंच तर ते ऐकणाऱ्याच्या डोक्यात असेल, असंही वर जोडलं. तो रागावला नाही. एक पायरी चढून बघा, एवढंच म्हणाला. ती चढली. तिला काहीच ऐकू आलं नाही, पण त्याने मान अशी काही हलवली की तिचा धीर सुटला.

दोघं पायरीवर बसले. तिने पिशवीतून पेचकस काढला, झाकण उघडलं, पेटी तिरकी केली, आणि मसुराच्या दाण्याएवढा वॉशर टुणकन बाहेर पडला. पायऱ्यांवरून किणकिणत खाली गेला. तो वाजायचा थांबेपर्यंत या माणसाने बोट वर धरून तिला गप्प बसवलं.

“गेला,” तो म्हणाला. “टपालाच्या पेट्यांच्या खाली.”

“तुम्ही डॉक्टर आहात का?”

“नाही. वरच्या दुकानात ऐकतो.”

“म्हणजे काम काय करता?”

“तेच. ऐकतो.”

ठिणगी त्याच्याकडे बघतच राहिली. वरच्या दुकानात ज्याच्या कानांपुढे आपल्या पेटीचा निकाल लागायचा होता, तो हाच माणूस. आणि पहिल्याच भेटीत आपण त्याच्या डोक्यात सुटं सामान असल्याचं सांगून बसलो. तिचे कान लाल झाले. तेवढं मात्र त्याला ऐकू येण्यासारखं नव्हतं.

दुकान त्याच्या मामांचं होतं. घरी बसून गाणं ऐकायचं वेड लागलेल्या माणसांचं ते माहेरच. बाहेरच्या खोलीत काचेची फडताळं, आतल्या खोलीत जाड गालिचा, भिंतींना कापडाच्या गाद्या, माणसाएवढे दोन स्पीकर आणि समोर एकच खुर्ची. त्या खुर्चीत मामांचा भाचा बसायचा. गाता येत नसेल तर माणसाने निदान कानसेन तरी व्हावं म्हणतात, ते याने फारच मनावर घेतलं होतं. गिऱ्हाइकं त्याला कानसेनच म्हणत. तो ज्याला चांगलं म्हणेल ते विकलं जायचं, आणि तो ज्याच्यापुढे नाक मुरडेल ते पुन्हा खोक्यात जायचं.

ठिणगीची पेटी म्हणजे डॅक. आता डॅक म्हणजे काय, हे तिने आईला जसं सांगितलं होतं तसंच सांगायचं तर, फोनमध्ये गाणं नसतंच, नुसते आकडे असतात. त्या आकड्यांचा पुन्हा आवाज करून देते ती पेटी म्हणजे डॅक. फोनच्या पोटातही शेंगदाण्याएवढा एक असतो, आणि चारचौघांचं त्यावर भागतं. वेड्यांचं भागत नाही. मामांच्या फडताळात मधोमध एक बाहेरून मागवलेला डॅक होता. जड, चकचकीत, दर्शनी भागाला सोनेरी पट्टी, आणि किंमत अशी की तेवढ्यात बऱ्यापैकी मोटार आली असती. त्याला सगळे ‘महाराज’ म्हणत. ठिणगीची पेटी त्याच्याशेजारी जेवणाच्या डब्यासारखी दिसत होती.

मामांचा नियम साधा होता. शनिवारी दुपारी भाचा पाठ करून बसणार. मामा एकच गाणं आधी एका पेटीतून वाजवणार, मग थांबवून दुसऱ्या पेटीतून. कुठली आधी हे मामांच्या मनात. भाच्याला पहिलं आवडलं तर एक बोट, दुसरं आवडलं तर दोन बोटं. महाराजांच्या पुढे जी पेटी टिकेल ती फडताळात, बाकीच्यांनी आल्या वाटेने जावं.

ठिणगीसाठी हा नुसता फडताळाचा प्रश्न नव्हता. ती दिवसा कपडे धुण्याच्या यंत्रांच्या दुरुस्ती केंद्रात काम करायची, आणि कंपनीने तिला लांबच्या शहरात, मुख्य कचेरीत, चांगल्या हुद्द्यावर बोलावलं होतं. उत्तर सोमवारी द्यायचं होतं. आई म्हणाली होती की हे पेट्यांचं खूळ आता एका बाजूला लागू दे. दुकानाने घेतली तर राहा इथे आणि कर सुखाने, नाही घेतली तर कपड्यांची पेटी भर. आईचं म्हणणं ठिणगीला पटलं होतं, हीच तर पंचाईत होती.

पेटी आठवडाभर चालू राहून तापल्याशिवाय खुलत नाही, असं मामांचं ठाम मत होतं. ठिणगीच्या हिशेबाने ती चहा उकळायच्या आत तापत होती. पण हे तिने मामांना सांगितलं नाही. सांगितलं असतं तर रोज संध्याकाळी “पेटी बघायला” यायचं काही कारणच उरलं नसतं.

आणि ती रोज यायची. पहिल्या संध्याकाळी पेटीतून काही वाजवायच्या आधी आतून बारीक आवाज आला. टक्. कानसेनने भुवया वर केल्या. तिने सांगितलं की आत एक छोटा स्विच आहे. पेटी चालू करताना आणि दर गाण्याआधी ती सगळं ठीक आहे ना बघते, आणि मगच आवाजाला बाहेर सोडते. नाहीतर स्पीकरला दणका बसेल.

“म्हणजे दार वाजवून येते,” तो म्हणाला. “चांगल्या घरातली आहे.”

“तुमचे महाराज नाही वाजवत?”

“महाराज कधी दार वाजवतात का. न सांगता आत.”

दुसऱ्या दिवशी त्याने तिला आपलं ठेवणीतलं वाजवून दाखवलं. ठिणगीला वाटलं, आता कुठलं तरी दुर्मिळ वाद्य निघणार. निघालं शिवणयंत्र. घर्रर्र… थांबलं… पुन्हा घर्रर्र, आणि त्याच्या खाली कुणीतरी बाई तोंड मिटून गुणगुणत होती. ही माझी आई, तो म्हणाला. तिच्या नकळत टेप केलं होतं, अजून त्यावरून बोलणी खातो. कुठलीही नवी पेटी आली की मी हे लावतो. गाण्यात फसवता येतं, पण आईचा आवाज कसा आहे ते मला ठाऊक आहे. मग त्याने हात वर करून तिला थांबायला सांगितलं. यंत्र थांबलं, आणि एक अगदी पुसट, तुटका आवाज आला.

“हे काय?” ठिणगीने विचारलं.

“दाताने दोरा तोडला तिने.”

ठिणगीने त्या क्षणी पेटीकडे नाही, त्याच्याकडे पाहिलं. डोळे मिटलेले, मान किंचित कलती, ओठांवर आईला पकडल्याचं हसू. इतकं मन लावून कुणी आपलं काही ऐकलंय का आजवर, असं तिच्या मनात आलं. याचं उत्तर तिला लगेच मिळालं, आणि ते ‘नाही’ असं होतं.

पुढच्या संध्याकाळी पाऊस कंटाळा येईपर्यंत पडत होता. मामा खिडक्यांना टॉवेल लावून पावसाला शिव्या देत होते, कारण पावसात बारकावे कळत नाहीत. करण्यासारखं काही नव्हतं म्हणून ठिणगीने कानसेनची परीक्षा घ्यायचं ठरवलं. त्याला भिंतीकडे तोंड करून बसवलं आणि मागे उभी राहिली.

“आत्ता मी काय केलं?”

“पेनाचं टोपण काढलंत. परत लावलंत.” तो थांबला. “आणि हसलात.”

“हसण्याचा कुठे आवाज येतो?”

“श्वासाचा येतो ना.” मग जरा वेळाने, भिंतीलाच सांगितल्यासारखं, “येता-जाता तुम्ही रोज वळणावर थांबता…”

“बुटाची लेस,” ठिणगी घाईने म्हणाली.

“रोज?”

“सैल आहे.”

“पण आज तर तुम्ही चपला घालून आलात. येताना ऐकलं मी.”

ठिणगी खिडकीपाशी गेली आणि मामांचा चांगला लावलेला टॉवेल उगाच पुन्हा लावत बसली. बाहेर पाऊस होता, आत पेटीचा हिरवा दिवा होता, आणि तिची छाती इतक्या जोरात धडधडत होती की याला तेही ऐकू जात असणार याची तिला खात्री होती.

सोमवारच्या उत्तराबद्दल तिने त्याला त्याच दिवशी सांगितलं. त्याने चहाचा कप बशीत ठेवला तो वाजला, आणि त्याच्या हातून कप वाजलेला तिने तोवर ऐकला नव्हता.

शनिवारी दुपारी नेहमीची मंडळी जमली. दाताचे डॉक्टर आले. त्यांनी मागच्याच महिन्यात महाराज विकत घेतले होते, आणि तेव्हापासून ते कुणालाही दात दाखवायला तोंड उघडू देण्याआधी महाराजांबद्दल ऐकवत. शाळेतून निवृत्त झालेल्या मुख्याध्यापिका आल्या. त्यांना सगळे बाई म्हणत, आणि त्या विणकाम घेऊन बसत. डॉक्टरांनी डब्याकडे बघून नाक मुरडलं, बाईंनी बघून मान डोलावली.

कानसेन पाठ करून बसला. मामांनी वाजवलं, थांबवलं, पुन्हा वाजवलं. त्याने लगेच बोट वर केलं. ठिणगीची पेटी. पुन्हा झालं. ठिणगीची पेटी. मामा क्रम उलटासुलटा करत होते, पण बोटं चुकत नव्हती, आणि एकदाही घुटमळत नव्हती. डॉक्टरांचा चेहरा उतरत गेला. शेवटी मामांनी हात जोडले आणि म्हणाले, मुली, फडताळात तुझी जागा करतो. कानसेन वळला तेव्हा ठिणगी त्याच्याकडे बघून भरभरून हसली. तो हसला, पण जरा उशिरा.

हे तिला तेव्हा खटकलं नाही. खटकलं ते वेगळंच. सगळे चहाला बाहेर गेल्यावर तिने सवयीने पिशवीतलं मीटर काढलं आणि स्पीकरच्या तारांना लावलं. एकदा महाराज, एकदा आपली पेटी. आकडे सारखे नव्हते. तिच्या पेटीचा आवाज महाराजांपेक्षा जरासा मोठा होता.

या कामातला बाळबोध नियम आहे. दोन पेट्या ताडून बघताना आधी आवाज सारखे करायचे, कारण जे किंचित मोठं वाजतं ते कानाला नेहमीच जास्त गोड लागतं. ठिणगीला हा नियम झोपेतही पाठ होता. पण वर्षभर तिने पेटी एकटीनेच, आपल्याच टेबलावर मोजली होती. शेजारी दुसरी पेटी कधी नव्हतीच, आणि एकटीच्या टेबलावर सगळंच बरोबर असतं. म्हणजे आज ती जिंकली नव्हती, तिचा आवाज जिंकला होता. तिने मीटर पिशवीत टाकलं आणि कुणाला काही न सांगता घरी गेली. आईने आनंदाने हाक मारली, तेव्हा डोकं दुखतंय म्हणून ती पांघरुणात शिरली.

न सांगता गप्प बसायचा विचार तिच्या मनात आला नाही असं नाही. आला, चांगला ठाण मांडून बसला. सांगितलं तर फडताळ जाणार, हे शहर सुटणार, इथल्या संध्याकाळी जाणार. पण ज्या माणसाच्या कानांचं तिला एवढं कौतुक होतं, त्याच कानांना फसवून त्याच्याशेजारी कसं बसायचं. रविवारी सकाळी ती दुकानाच्या दारात उभी होती.

कानसेन नुकताच कुलूप उघडत होता. त्याच्या किल्ल्यांच्या जुडग्यात दोऱ्याने बांधलेला एक मसुराएवढा वॉशर होता. तिचं लक्ष गेलेलं पाहून तो गोंधळला.

“टपालाच्या पेट्यांखालीच होता. परत द्यायचा… राहिला.”

तरी ठिणगी जे ठरवून आली होती ते तिने एका दमात सांगून टाकलं. आवाज मोठा होता, माझी चूक आहे, कालचा निकाल खरा नाही. तो उभ्या-उभ्या ऐकत राहिला. मग म्हणाला, “मोठा होता ते मला कळलं होतं. पण मी त्यावरून बोट वर केलं नाही.”

“मग कशावरून?”

“टक्.”

तिला समजायला क्षणभर लागला. मामा गाणं थांबवून पुन्हा लावायचे, आणि तिची पेटी दर वेळी दार वाजवायची.

“म्हणजे माझी कुठली, हे तुम्हाला दर वेळी ठाऊक होतं.”

“हो.”

“आणि त्यानंतर ऐकलंत किती?”

तो किल्ल्यांशी खेळत राहिला. “काहीच नाही. ऐकलं असतं आणि महाराज आवडले असते तर… तुम्ही गेला असतात. ती जोखीम घ्यायची माझी तयारी नव्हती.”

आता, एखादीने यावर विरघळून जायला हरकत नव्हती, आणि ठिणगीही अर्धी विरघळली. उरलेली अर्धी मात्र चांगलीच चिडली.

“मी वर्षभर एकटीने बसून ही पेटी केली. चांगलं म्हणायला आई आहे माझी, न ऐकताच म्हणते ती. मला एक माणूस हवा होता जो नीट ऐकेल. जिन्यात तुम्ही एवढासा वॉशर ऐकलात, तेव्हा वाटलं, मिळाला. आणि तुम्ही काय केलंत… तर मेहेरबानी.”

त्याची मान खाली गेली. असं मी कधीच कुणासाठी केलं नव्हतं, असं तो पुटपुटला, आणि ते खरं आहे हे तिला कळत होतं. म्हणून तर राग जात नव्हता. आज दुपारी पुन्हा ऐकायचं, ती म्हणाली, आणि नीट ऐकायचं. जे कळेल ते सगळ्यांसमोर सांगायचं. माझं काय व्हायचं ते होईल.

दोघांनी मामांना सगळं सांगितलं, आणि दुपारी मंडळी पुन्हा आली. डॉक्टर तर घरच्या चपलांवरच आले, त्यांना आशा वाटू लागली होती. ठिणगीने झाकण उघडून आतला एक बारीक स्क्रू फिरवला, आणि मीटरवर दोन्ही आकडे जुळेपर्यंत फिरवत राहिली. पेट्या कोण बदलणार यावर बाईंनी विणकाम बाजूला ठेवलं आणि म्हणाल्या, मी बदलते, आयुष्यभर कॉप्या पकडल्यात मी. मामा भाच्यावर माया करतात, डॉक्टर महाराजांवर, तेव्हा दोघांनी मागे बसायचं. कानसेनने दाराबाहेर थांबायचं आणि गाणं सुरू झाल्यावरच आत यायचं, म्हणजे टक्‌चा प्रश्न मिटला. मग बाईंनी ठिणगीकडे चष्म्यावरून पाहिलं.

“तूही बाहेर. हा तुझा श्वास ओळखतो, हे सगळ्या दुकानाला ठाऊक आहे.”

तेव्हा दोघंही बाहेर. आत गाणं सुरू झालं की कानसेन दार ढकलून जायचा, बऱ्याच वेळाने परत यायचा, आणि पुढची फेरी सुरू होईपर्यंत तिच्या शेजारी फडताळाला टेकून उभा राहायचा. पहिल्या फेरीनंतर तो खांदे ताठ करून आला. मग हळूहळू त्याच्या कपाळावर आठी दिसायला लागली. एकदा तो नुसता जमिनीकडे बघत उभा राहिला. ठिणगीला वाटलं, संपलं, महाराज जिंकले, आणि हे मला कसं सांगावं याचा हा विचार करतोय. राग कधीच निघून गेला होता. त्याच्या हाताला हात लावावा असं तिला फार वाटलं. तिने हात मागे बांधून घेतले.

शेवटी बाईंनी ठिणगीलाही आत बोलावलं. कानसेन खुर्चीवरून उठला. आजवर या खोलीत तो बोटाने बोलायचा, आज बोट वर आलं नाही.

“मला फरक कळत नाही,” तो म्हणाला.

मामा म्हणाले, दमलास, जरा पाणी पी. तो म्हणाला, दमलो नाही. आईचं शिवणयंत्र लावलं, दोरा तोडलेला दोन्हीत ऐकू आला, तसाच, तिथेच. बाईंनी कधी पेटी बदलली आणि कधी नाही, तेही मला सांगता आलं नाही. निम्मं बरोबर आलं, निम्मं चुकलं, नाणं उडवलं असतं तरी तेवढंच आलं असतं. या खोलीत त्याच्यापाशी कानांखेरीज दुसरं काही भांडवल नव्हतं, आणि तेच तो सगळ्यांसमोर उतरवून ठेवत होता.

डॉक्टर उसळले. त्यांना फरक स्पष्ट कळत होता, दाराबाहेरूनही कळला असता. बाई शांतपणे म्हणाल्या, बसा मग. डॉक्टर बसले, बाईंनी गाणं लावलं, थांबवलं, मागे खुडबुड केली, पुन्हा लावलं. डॉक्टरांनी डोळे मिटून दोन बोटं उंच धरली. हे महाराज. पडदा बाजूला झाल्यासारखं वाटलं की नाही.

“डॉक्टर,” बाई म्हणाल्या, “मी अजून पेटी बदललेलीच नाही.”

मामा हसावं की रडावं अशा चेहऱ्याने बसले होते. आता महाराज कुणाच्या गळ्यात बांधायचे, हे त्यांच्या डोळ्यांत लिहिलेलं दिसत होतं. त्यांनी भाच्याकडे पाहिलं. मग म्हणाले, “धंद्याला कान असलेला भाचा मागितला होता, देवाने प्रामाणिक दिला. आता काय करणार.” आणि उठून त्यांनी महाराजांना सोनेरी पट्टीला धरून चार बोटं सरकवलं, आणि मोकळ्या झालेल्या जागेत तो जेवणाचा डबा ठेवला. डॉक्टर पायऱ्या उतरता-उतरता परत आले आणि अशी दुसरी पेटी किती दिवसांत होईल, असं हळूच विचारून गेले. झोपायच्या खोलीसाठी, म्हणाले.

ठिणगीने खिडकीपाशी जाऊन आईला फोन केला. कपड्यांची पेटी भरू नकोस, एवढंच तिला म्हणता आलं. पलीकडून आई म्हणाली की भरली होती, आता रिकामी करते.

मामा बाईंना सोडायला खाली गेले. दुकानात दोघंच उरले. फडताळाच्या काचेत दोन पेट्या शेजारी-शेजारी दिसत होत्या, एक सोनेरी, एक साधी.

“तुमचं नाव गेलं आज माझ्यापायी,” ठिणगी म्हणाली.

“गेलं तर गेलं. नीट ऐकलं ना?”

“ऐकलंत.” तिचे डोळे भरले, पण ती हसत होती. “म्हणजे खरंच काहीच फरक नाही?”

“एक आहे.”

“कुठला?”

“टक्.”

ती म्हणाली की ते काढून टाकते, आवाज न करणारे स्विच मिळतात बाजारात, एका दिवसाचं काम.

“नको.” तो इतक्या पटकन म्हणाला की स्वतःच दचकला. मग शब्द शोधत, अडखळत बोलू लागला. “आठवडाभर संध्याकाळी मी दार लोटून बसायचो. जिन्यात पावलं वाजायची, वळणावर थांबायची, पुन्हा वर यायची. मग गाणं लावायचो, आणि आधी… टक्. मला वाटायचं, आता काहीतरी चांगलं येणार. काल मी घाबरून न ऐकताच बोट वर केलं. आज सांगतो ते घाईने नाही. तू मला आवडतेस. हे मात्र मी नीट ऐकून सांगतोय.”

ठिणगीने फडताळाची काच सरकवली, आपली पेटी बंद केली, आणि पुन्हा चालू केली. क्षणभर काहीच झालं नाही. मग आतून तो बारीक आवाज आला.

“ऐकलंस?” तिने विचारलं.

“ऐकलं.”

“मग तेच माझं उत्तर.”

गाणं लावायचं दोघांनाही सुचलं नाही. ते घरी निघाले तेव्हा लिफ्ट दुरुस्त झालेली होती, दार उघडं टाकून, दिवा लावून वाट बघत होती. दोघांनी तिच्याकडे एकदा पाहिलं, आणि जिन्यानेच खाली उतरले. वळणावर ठिणगी नेहमीसारखी थांबली. या वेळी तोही थांबला.